नातेवाइकाची सही

४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. तुझी तब्येत बरी असेल आणि वहिनींचे गुडघे त्यांचं ऐकत असतील असं धरून चालतो. अकरा वर्षांनी पत्र लिहिताना सुरुवात कशी करायची ते सुचेना, म्हणून नेहमीसारखीच केली. इकडे आम्ही दोघं ठीक. हिचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, पडली, पण काळजीचं काही नाही. लेक तिच्या गावी कॉम्प्युटरच्या नोकरीत बुडालेली असते आणि रविवारी फोनवर माझी शिकवणी घेते. माझं अक्षर मोठं दिसेल. पेन जाड आहे, घरात दुसरं सापडलं नाही.

पत्राचं कारण माझा गाडीचा परवाना. तो अठ्ठावीस तारखेला संपतोय. पूर्वी हे काम कसं व्हायचं? खिडकीपाशी जायचं, फॉर्म भरायचा, आतला माणूस तोंड वाकडं करायचा, आपणही करायचं, आणि तासाभरात शिक्का मारून मोकळं. परवा गेलो तर खिडकी आहे, खिडकीत माणूसही आहे, पण तो काम करत नाही. "काका, सगळं ऑनलाइन झालंय," म्हणाला. मी म्हटलं, मग तुम्ही इथे कशाला बसलाय? तर म्हणतो, "हेच सांगायला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येऊन लेकीच्या जुन्या कॉम्प्युटरसमोर बसलो. साइटवर 'आपली भाषा निवडा' असं होतं, म्हणून आपली निवडली. दादा, तिथली भाषा ज्याने लिहिली त्याला आपण प्रेसच्या दारातसुद्धा उभं केलं नसतं. 'आपण चालवू इच्छित असलेले वाहन निवडले जावे.' कोणाकडून निवडलं जावं? वाहनाकडून? मग पासवर्ड. 'किमान एक मोठे अक्षर असावे.' आपल्या लिपीत मोठं अक्षर आणि लहान अक्षर असं असतं का? चाळीस वर्षं मी प्रुफं वाचली, तू चाळीस वर्षं आधी अक्षरांचे खिळे जुळवलेस आणि नंतर तीच अक्षरं कॉम्प्युटरवर बडवलीस. तुला कधी आढळलं? मी आपली सगळ्याच अक्षरांचा आकार मोठा करून पाहिला, तर पानच कडेला सरकलं आणि 'पुढे जा' हे बटण कुठे गेलं ते त्या पानालाच ठाऊक.

त्यानंतर आलं, 'आपण यंत्र नाही हे सिद्ध करा.' हे मला एक यंत्र विचारतंय. नऊ बारकी चित्रं दाखवली, धुरकट, कशातलंच काही धड दिसेल तर शपथ. त्यातली म्हणे सिग्नलचे दिवे असलेली निवडा. तीनदा निवडली, तिन्ही वेळा चूक. शेवटी लाल पट्टीत निकाल: 'आपला अर्ज यशस्वीरीत्या अयशस्वी झाला आहे.' हे वाक्य मी हिला चारदा वाचायला लावलं, कारण असं कोणी लिहू शकेल यावर माझा विश्वास बसेना. पुढच्या खेपेला ती चित्रं हिनेच डाव्या हाताने निवडली आणि आम्ही आत शिरलो. म्हणजे ही यंत्र नाही. माझं अजून ठरायचंय.

गाडीचीही तीच तऱ्हा. आपली जुनी गाडी कशी मुकाट्याने चालायची. ही नवी गाडी दोन वर्षांपूर्वी लेकीच्या हट्टाने घेतलेली, तिला सारखं काही ना काही सांगायचं असतं. पट्टा लावा म्हणून पीं पीं, दार नीट लागलं नाही म्हणून पीं पीं, मागे काही असेल तर पीं पीं, नसेल तरी पीं पीं. समोर एक पिवळा दिवा लागतो, 'इंजिन तपासा.' काय तपासा? कोणतं पान, कोणती ओळ? आपण प्रुफावर नुसतं 'तपासा' लिहून पाठवलं असतं तर मालकांनी आधी आपल्याला तपासलं असतं. गॅरेजवाला मिस्त्री म्हणतो, "काका, इंजिनाला काही झालेलं नाही. डाव्या अंगाला एवढे ओरखडे कशाचे ते सांगा." मी म्हटलं, आमच्या फाटकाचा खांब ज्याने बांधला त्याला विचार.

लेकीने गाडीत रस्ता सांगणारा फोनही बसवून दिलाय. त्यातली बाई 'दोनशे मीटरमध्ये डावे घ्या' म्हणते. वळण मागे पडल्यावर म्हणते, 'आता वळा.' तिच्याविषयी पुन्हा कधीतरी लिहीन, आत्ता नको.

तर अर्ज आत गेला, आता एकच गोष्ट अडली आहे. पासष्टीपुढच्या माणसाची नजर चांगली असल्याचा डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला तरी हवा, किंवा त्याला दहा वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या नातेवाइकाचं सही केलेलं निवेदन तरी. दोहोंपैकी एक. त्या अख्ख्या साइटवर शहाणा नियम एवढाच. डॉक्टरकडे मी जाणार नाही, कारण मला काही झालेलं नाही. हिचा हात प्लास्टरमध्ये, तिला सही जमत नाही. डाव्या हाताने कर म्हटलं तर म्हणते, "डाव्या हाताची सही खोटी दिसते." लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, मी तुम्हाला गाडी चालवताना पाहिलंय, म्हणूनच करणार नाही." हल्लीच्या मुलांना सरळ उत्तर म्हणून देता येत नाही. राहिलास तू.

फॉर्म सोबत जोडलाय. दोन रकाने आणि एक सही. सही कुठे करायची तिथे फुली मारून ठेवली आहे, परतीच्या पाकिटावर पत्ता घालून तिकीटही लावलंय. त्या गणिताच्या पुस्तकाचं जे झालं ते झालं, त्यात मी आत्ता शिरत नाही. तुझ्याकडे मागायला जीभ रेटत नव्हती हे खरं. पण हिला दर आठवड्याला हात दाखवायला न्यायचं असतं, बसथांबा घरापासून पाऊण तासाच्या चालीवर, आणि गाडी थांबली तर आम्ही दोघं या चार भिंतींत अडकून पडू. मला अजून अडकायचं नाही. लवकर पाठव.

तुझा धाकटा भाऊ


१६ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. बारा दिवस झाले, फॉर्म आला नाही. तू बरा असशील ना, हा विचार आधी आला आणि राग नंतर, हे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

इकडे माझ्याविरुद्ध कट झाला. लेकीने तिकडून बसल्या जागी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंची वेळ ठरवली आणि हिला फितवलं. मला सांगितलं, हिचा हात दाखवायचाय. टॅक्सीने नेलं. दारावरची पाटी मी काही वाचली नाही, त्यामुळे खुर्चीत बसवून हनुवटी एका पट्टीवर टेकवीपर्यंत मला पत्ताच नव्हता. तिथेही भिंतीवर एक यंत्र नंबर पुकारत होतं, 'टोकन क्रमांक एक चार, कक्ष दोन मध्ये प्रवेश करणे.' चौदा म्हणायला याला काय धाड भरली होती? आणि डॉक्टरीणबाई मला 'आजोबा' म्हणाल्या. माझी लेक त्यांच्याच वयाची असेल.

भिंतीवर तक्ता होता, आपल्या भाषेतला, वर मोठाली वाक्यं आणि खाली बारीक बारीक होत गेलेली. मी वरून धडाधड वाचत आलो. शेवटची, मुंगीएवढी ओळसुद्धा वाचली, 'नियमित व्यायामाने शरीर सुदृढ राहते.' बाई खूश झाल्या. तेवढ्यात ही बाजूच्या खुर्चीतून म्हणाली, "डॉक्टर, तिथे 'निरोगी' आहे. 'सुदृढ' नाही."

आता मला सांग, पहिले दोन शब्द कळल्यावर पुढचं वाक्य कुठे जाणार हे कळायला त्याच्याकडे बघत बसावं लागतं का? चाळीस वर्षांचा हात आहे माझा. आणि 'सुदृढ' हाच शब्द तिथे बरा होता. पण बाईंनी तो तक्ता बंद केला आणि दुसरा लावला. त्यावर नुसती गोल कडी, प्रत्येकाला एका बाजूला फट. फट कुठे आहे सांगा म्हणाल्या, वर, खाली, डावीकडे, उजवीकडे? मी म्हटलं, याला काही अर्थ आहे का? त्या म्हणाल्या, "अर्थ नाही, म्हणूनच दाखवतेय आजोबा."

मग डोळ्यांत थेंब घातले, फोटो काढले आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझ्या डोळ्याचा आतला पडदा दाखवला. त्याचा मधला भाग झिजलाय म्हणे. कडेचं दिसत राहील, मधलं जात राहील. चष्म्याने भरून येणार नाही, ऑपरेशन करण्यासारखं काही नाही. निदान दोन वर्षांपासून असणार, इतके दिवस तुम्हाला जाणवलं कसं नाही, असं मलाच विचारलं. वर छापील कागद हातात ठेवला: 'रुग्णाकडून वाहन चालविले जाणे टाळले जावे.' एका वाक्यात दोन कर्मणी. असलं वाक्य मी मानत नाही.

तो कागद मी घडी करून खिशात ठेवलाय, साइटवर चढवणार नाही. नियमात 'किंवा' आहे. डॉक्टर किंवा नातेवाईक. तुझी सही आली की पुरे.

तुला वाटेल, मग हा गाडी चालवतो कसा. चांगली चालवतो. आठवतं ना, ही आपल्या प्रेसमध्ये कॉपी वाचायची? लेखकाचं हस्तलिखित हिच्या हातात, छापलेलं प्रूफ माझ्या. ही मोठ्याने वाचणार, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद सगळ्यासकट, आणि मी प्रुफावर बोट फिरवत चुकीपाशी थांबणार. आमचं जमलंही तिथेच, तू तर साक्षीला होतास. गेली दोन वर्षं आम्ही गाडीत तेच करतो. ही रस्ता वाचते, मी चालवतो. "सायकलवाला, स्वल्पविराम. पुढे शाळेची बस, स्वल्पविराम. सिग्नल लाल, पूर्णविराम." पूर्णविराम आला की मी ब्रेक दाबतो. नवा परिच्छेद म्हणजे वळण. कंस म्हणजे अरुंद बोळ, दोन्हीकडे भिंती. कॉपी वाचणाऱ्याने फक्त वाचायचं, मत द्यायचं नाही, हा प्रेसमधला नियम ही गाडीतही पाळायची. दोन वर्षांत एक ओरखडा नाही. बरं, पाच-सहा आहेत.

लोक नावं ठेवतील. पण मी विचारतो, नवरा-बायकोने मिळून एक काम केलं तर बिघडलं कुठे? आयुष्यभर चार डोळ्यांनी पुस्तकं वाचली तेव्हा कोणी म्हटलं नाही की याच्या एकट्याच्या डोळ्यांवर भरवसा नाही.

हिच्या हाताचं मात्र त्या फोनमुळे झालं. ही पडली असं मागे लिहिलं, ते तितकंसं बरोबर नाही. गाडीत होती. रस्ता खणून ठेवला होता, पुढे पाटी लावली होती म्हणे, आणि फोनमधली बाई सांगत होती, 'सरळ चालू ठेवा.' खणलेला रस्ता जिला दिसत नाही तिने लोकांना रस्ते दाखवायला बसू नये.

बाकी सगळं ठीक. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघेल. तू फॉर्म तेवढा पाठव, बाराच दिवस उरलेत. रागावला असशील तर रागाने पाठव, माझी हरकत नाही.

तुझा धाकटा भाऊ


२७ फेब्रुवारी

दादा,

फॉर्म आला. सही आहे.

मी तुझ्यावर भयंकर चिडलोय. नमस्कार-चमत्कार राहू दे, आधी हे ऐक.

पाकीट चोवीसला दुपारी आलं. मी उघडून आत बोटं फिरवली, एकच कागद लागला. तुझं पत्र नाही, चिठ्ठी नाही. हिच्याकडे दिला आणि म्हटलं, वाच. प्लास्टर आदल्याच दिवशी निघालं होतं, कागद तिने डाव्या हातात धरला. जुन्या सवयीने तिने कॉपी वाचतात तसा वाचला. "अर्जदाराशी नाते, अपूर्णविराम, भाऊ, पूर्णविराम. अर्जदाराची दृष्टी वाहन चालविण्यास योग्य असल्याचे आपणांस कशावरून माहीत आहे, प्रश्नचिन्ह. त्याने सांगितले म्हणून, पूर्णविराम. खाली सही. तारीख पंधरा."

मी म्हटलं, पुन्हा वाच. तिने पुन्हा वाचलं. त्याने सांगितले म्हणून.

पंधरा तारीख. म्हणजे माझं दुसरं पत्र लिहायच्याही आधी तू सही करून मोकळा झालास. टपालाने नऊ दिवस लावले, त्यांचा समाचार मी वेगळा घेईन. पण तुला काय म्हणू? अकरा वर्षांत तू माझं तोंड पाहिलेलं नाहीस. माझे डोळे शाबूत आहेत की खोबणीत नुसती बुबुळं उरलीत, तुला काय माहीत? रस्त्यावर माणसं चालतात, पोरंबाळं असतात. अशा कागदावर न बघता, न विचारता सही ठोकतो म्हणजे काय? जबाबदारी नावाची काही चीज असते की नाही? तासभर मी खोलीत येरझाऱ्या घालत तुला बोलत होतो. ही पलंगाच्या कडेला बसून ऐकत होती. शेवटी तिने विचारलं, "तुम्ही नक्की कोणावर चिडलाय?"

मी बसलो. मग जे तिला सांगितलं तेच आता तुला लिहितोय. मागच्या दोन्ही पत्रांत मी त्याच्या आजूबाजूने फिरत राहिलो.

आधी गाडीचं. त्या दिवशी निघतानाच आमचं वाजलं होतं. ही म्हणाली, "माझ्याच्याने आता हे होत नाही. एक शब्द गाळला तर कोणीतरी मरेल, या भीतीने मला झोप लागत नाही." कॉपी वाचणाऱ्याने मत द्यायचं नाही, असं मी तिला सुनावलं. फोन चालू केला आणि म्हटलं, आज ती वाचेल, तू गप्प बस. ही गप्प बसली. पुढे ती पाटी आली, लोखंडी अडथळे आले. ही दोनदा 'अहो' म्हणाली. दोन्ही वेळा मी गप्प म्हटलं. तिसऱ्यांदा ती 'पूर्णविराम' म्हणून किंचाळली आणि मी ब्रेक दाबला, तोवर अडथळा आडवा झाला होता आणि हिचं मनगट मोडलं होतं. खाली चरात एक माणूस पाइप जोडत होता. मला तो दिसला नाही. त्याने शिव्या द्यायला सुरुवात केली तेव्हा मला कळलं की तिथे माणूस आहे. ही सांगते, पुढचं चाक त्याच्या डोक्यापासून हातभर लांब होतं.

पोलीस आला तेव्हा मी काय केलं असेल? पाटीच्या भाषेवर त्याच्याशी हुज्जत घातली. 'काम प्रगतिपथावर' असं लिहिलंय, यातून रस्ता बंद आहे हे कोणाला कळणार, असं तावातावाने त्याला ऐकवलं. तो बिचारा गोंधळला आणि पाटीत दोष असल्याचं लिहून गेला. दादा, पाटीवर काय लिहिलं होतं ते मला गाडीतून उतरताना हिने सांगितलं होतं. मी ती वाचलीच नव्हती.

आणि आता ते पुस्तक.

चौथीचं गणित. मागच्या उत्तरांच्या पानावर सातव्या उदाहरणसंग्रहाची उत्तरं आठव्याखाली आणि आठव्याची सातव्याखाली छापली गेली. चाळीस हजार प्रती शाळांकडून परत आल्या. मालकांनी आपल्या दोघांना समोर उभं केलं. तुझं डोळ्याचं ऑपरेशन होऊन जेमतेम महिना झाला होता. तू मला विचारलंस, "तिसरं प्रूफ तू बघितलं होतंस ना?" मी म्हटलं, बघितलं होतं, स्वच्छ होतं. तू एक क्षणही थांबला नाहीस. मालकांना म्हणालास, "तो सांगतोय म्हणजे बघितलं असणार. मग नंतर दुरुस्त्या करताना माझ्याच हातून झालं." चष्म्याची डबी खिशात टाकलीस आणि निघून गेलास. तू गेल्यावर मालकांनी माझ्याकडून दोन ओळी लिहून घेतल्या, कंपोझिटरची, म्हणजे तुझी, नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, अशा. त्या ओळी पुढे तुला दाखवल्या गेल्या, हे मला माहीत आहे. तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते त्या ओळींमुळे. त्यामागचं तुला माहीत नाही.

ते पान मी वाचलंच नव्हतं. ही त्या दिवशी तापाने घरी होती. नुसत्या आकड्यांचं पान एकट्याने वाचायचं नाही, कॉपी वाचणारं कोणी नसेल तर थांबायचं, हा आपल्या प्रेसचा पहिला नियम, आणि तो नव्या माणसांना मीच शिकवायचो. पण शनिवार होता, मला घरी जायचं होतं, आणि सहाशे आकडे बघायचा कंटाळा आला होता. मी पानाच्या तळाशी 'तपासले' लिहून सही केली. तेव्हा माझे डोळे ठणठणीत होते. मशीनवर, ऑपरेशनवर, तुझ्या नजरेवर, सगळ्यांवर ढकलून झालं, आणि प्रूफ गहाळ झालं म्हणून सांगितलं. ते गहाळ झालेलं नाही. अकरा वर्षं आमच्या ट्रंकेत लोकरी कपड्यांखाली आहे. उत्तरं त्यातच उलटसुलट आहेत. तुझ्या हातून नंतर काहीही झालं नव्हतं.

फेकून का दिलं नाही, असं हिने विचारलं. मी ट्रंक उघडून ते तिच्या पुढ्यात ठेवलं.

तिने ते पान शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी दादांच्या डोळ्यांची कीव करत आले. आता त्यांच्यासमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?" तिने काही केलेलं नाही, तिला त्या दिवशी ताप होता, एवढंच. हे तू लक्षात ठेव. माझ्यावर काय राग धरायचा तो धर, तिच्यावर नको.

मला लाज वाटते, दादा. महिनाभर मी त्या साइटवर चिडलो, गाडीवर चिडलो, फोनमधल्या बाईवर, डॉक्टरीणबाईंवर, खिडकीतल्या माणसावर. त्यांच्या भाषेत चुका आहेतच, त्याबद्दल मी एक शब्द मागे घेणार नाही. पण तुझी ती एक ओळ ऐकल्यावर चिडायला दुसरं कोणी उरलं नाही. एवढं होऊनही तू माझ्या शब्दावर सही कशी केलीस? मी तुझ्या जागी असतो तर फॉर्मचे तुकडे पाकिटात भरून पाठवले असते.

तुझा फॉर्म परत पाठवतोय. खोट्या कागदावर तुझी सही राहायला नको. ट्रंकेतलं मूळ प्रूफही यातच घातलंय. त्याची झेरॉक्स आणि मी वाचलं नव्हतं हे लिहिलेल्या चार ओळी मालकांच्या मुलाला पाठवल्या आहेत, आता प्रेस तोच बघतो. त्या पोलिसालाही खरं काय ते कळवलं. पाइप जोडणारा माणूस कुठे राहतो याची चौकशी चालू आहे, त्याच्यापुढे जाऊन उभं राहायचं आहे. गाडीची किल्ली काल मिस्त्रीकडे नेऊन दिली. त्याने का म्हणून विचारलं नाही. परवान्याचा अर्जही रद्द केला. रद्द करण्यासाठीसुद्धा आपण यंत्र नाही हे सिद्ध करावं लागतं, ते हिने केलं. उत्तर आलं, 'आपण अर्ज मागे घेतला आहे.' त्या साइटवरचं पहिलं धड वाक्य.

तू उत्तर लिहावंस असं मी म्हणणार नाही, तो हक्क मला नाही. लिहिलंस तर ही वाचून दाखवेल, पूर्णविरामांसकट. तेव्हा जे मनात असेल ते तसंच लिही, तिच्यापासून लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. भेटायला ये म्हणालास तर बसने येऊ. पाऊण तास चालायचं तर चालू.

हे पत्र मी पुन्हा वाचलेलं नाही. मला वाचता येत नाही. ही म्हणाली, मी वाचते, दुरुस्त्या करू. मी नको म्हटलं. ओळी एकमेकींवर चढल्या असतील, शब्द गळले असतील, ते तसेच राहू देत. खाली फक्त जे खरं आहे ते लिहून सही करतो.

न तपासता,
तुझा धाकटा भाऊ